चिकाचा हलवा आणि कॉर्नफ्लॉरची पुडी

बेने इस्रायल ज्यूंच्या सणांची जुनी मराठी नावे पाहिली, तर त्यांतली बरीचशी स्वयंपाकघरातून आलेली दिसतात. वर्षारंभाचा नव्याचा सण, त्यामागून येणारा खिरीचा सण, योम किप्पूरच्या उपवासाच्या दुसऱ्या दिवशीचा शिळा सण. वल्हांडण म्हणजे अनशी धाकाचा सण, कारण त्या दिवसांत अनस, म्हणजे आंबट रसाचे भांडे, झाकून ठेवायचे. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिन तो बिरड्याचा सण. हईम सॅम्युएल केहिमकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या आणि १९३७ साली तेल अवीवला छापल्या गेलेल्या इतिहासात ही नावे नोंदलेली आहेत. हिब्रू पोथी हाताशी नव्हती त्या काळात या समाजाचे पंचांग चुलीने सांभाळले, असे म्हणायला हरकत नाही.

समाजाची परंपरा सांगते की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले आणि त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. बुडालेल्यांना नवगावलाच पुरले. वाचलेल्यांच्या वंशजांनी कोकणात तेलाचे घाणे घातले. शनिवारी घाणा बंद, म्हणून ते शनवार तेली. वस्ती ज्या गावी झाली त्या गावावरून आडनावे पडली : पेणकर, रोहेकर, दिवेकर, नवगावकर, केहिमकर. धर्मातले बरेचसे विसरले गेले. शब्बाथ म्हणजे शनिवारची विश्रांती, सुंता, 'शेमा' ही प्रार्थना आणि खाण्यापिण्याचे नियम एवढे राहिले. पुढे दावीद राहबी नावाचा ज्यू पाहुणा आला. त्याने बायकांपुढे नाना प्रकारचे मासे ठेवले, तेव्हा त्यांनी पर आणि खवले असलेले तेवढे मासे निवडून बाकीचे बाजूला सारले. हे ज्यूच आहेत, याची त्याला त्यावरून खात्री पटली, असे आख्यायिका सांगते. आख्यायिकेचा काळ कोणताही धरा. ओळखीची परीक्षा विळीपुढे झाली हे त्यात महत्त्वाचे.

मुंबईत या समाजाचे पहिले प्रार्थनालय सॅम्युएल इझेकिएल दिवेकर यांनी १७९६ साली बांधले. दीडशे वर्षांनी, इस्रायलच्या स्थापनेच्या सुमारास, भारतात बेने इस्रायल वीस हजारांच्या आसपास होते. आता इथे काही हजार उरले आहेत, तेही बहुतेक मुंबई-ठाण्यात. त्यांच्याहून कितीतरी अधिक लोक अश्दोद, दिमोना, लोद, बीरशेबा अशा इस्रायली शहरांत आहेत. चूल अशी दोन देशांत विभागली की कुणाला तरी वही काढावीशी वाटते. तीतून समाजाचे पाकपुस्तक तयार होते.

असे पुस्तक एका लेखकाचे नसते. पाककृती घराघरांतून गोळा होतात, मंडळ त्या तपासते आणि समाजाच्या नावावर पुस्तक निघते. मराठीत याचे ठळक उदाहरण म्हणजे सारस्वत महिला समाजाने १९४३ साली काढलेली 'रसचंद्रिका'. ज्यूंमध्ये सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेतले. मिलवॉकी शहरात पूर्व युरोपातून आलेल्या गरीब ज्यू मुलींसाठी स्वयंपाकाचे वर्ग चालत. मुलींचा वेळ फळ्यावरच्या पाककृती उतरवून घेण्यात जाई. त्या छापून घ्यायला अठरा डॉलर हवे होते आणि संस्थेच्या संचालकांनी ते नाकारले. लिझी ब्लॅक कँडर यांनी जाहिराती गोळा करून १९०१ साली 'द सेटलमेंट कुक बुक'च्या हजार प्रती काढल्या, आणि त्या पुस्तकाच्या आवृत्त्या पुढे कित्येक दशके निघत राहिल्या. मुलींना अमेरिकेत रुळवायचे हा हेतू असल्याने त्या पुस्तकात ऑयस्टरसारखे ज्यू धर्माला वर्ज्य पदार्थही बिनदिक्कत आले. सोपे करण्याच्या ओघात काय काय वाहून जाऊ शकते याचा हा नमुना आहे. पण ते पुस्तक हजारो घरांत वापरले गेले, हेही विसरता येत नाही.

बेने इस्रायल पाककृतींचे पुस्तक करायचे म्हटले की हाच वाद उभा राहतो. पाककृती जशी होती तशी लिहायची, की आजच्या माणसाला रांधता येईल अशी? आपल्याकडच्या शास्त्रचर्चेतली नावे उसनी घेऊन दोन्ही बाजू मांडता येतील. मात्र शास्त्रचर्चेत पूर्वपक्ष हरण्यासाठीच मांडलेला असतो; इथे तसे नाही. सुरुवात चिकाच्या हलव्यापासून होते, कारण भांडण मुख्यतः त्याच्यावरच होते.

पूर्वपक्ष : नव्याच्या सणाचा हलवा गव्हाच्या चिकाचा. गहू तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचे, मग वाटून, पिळून, गाळून चीक काढायचा. चीक खाली बसला की वरचे पाणी ओतून द्यायचे. त्यात नारळाचे दूध आणि साखर घालून मंद आचेवर ढवळत राहायचे. हाताला रग लागली तरी ढवळणे थांबवायचे नाही, नाहीतर तळ धरतो. गोळा कडेने सुटायला लागला की ताटात थापून, वर बदाम-पिस्ते-चारोळी दाबून वड्या पाडायच्या. पुस्तकात हेच लिहिले पाहिजे. कॉर्नफ्लॉरची पुडी फोडून वीस मिनिटांत जे होते त्याला दुसरे नाव द्या.

उत्तरपक्ष : ढवळणारे हात किती होते, तेही लिहा. सासू, जावा, नणंदा, शेजारीण आळीपाळीने कढईशी बसत. अलिबागच्या इस्रायल आळीत तसे माणूसबळ होते. अश्दोदच्या फ्लॅटमध्ये किंवा ठाण्याच्या दोन खोल्यांत नोकरी करणारी एकटी बाई असते. तीन दिवसांची कृती छापली तर ती पान उलटेल आणि हलवा बाजारातून आणेल, किंवा आणणारही नाही. कॉर्नफ्लॉर किंवा चायना ग्रास वापरून सणाला घरात हलवा झाला, तर परंपरा तुटली म्हणायचे की टिकली?

पूर्वपक्ष : चीक हा शब्दच हरवेल. मराठी माणसाला तो कुरडयांमुळे ठाऊक आहे. उन्हाळ्यात तोच चीक शिजवून सोऱ्याने कुरडया घालतात, आणि गरम चीक दूध-साखर घालून मुलांच्या हातावर ठेवतात. शेजारणीच्या वाळवणातला पदार्थ ज्यू घरात आला आणि गाईच्या दुधाऐवजी नारळाचे दूध घेऊन सणाच्या ताटात बसला, ही सगळी हकिगत त्या एका शब्दात आहे. कॉर्नफ्लॉरला अशी हकिगत नाही.

उत्तरपक्ष : शब्द जपायचा तर शीर्षकात जपा, प्रस्तावनेत जपा. रोमन लिपीत 'चिक' असे छापले तर परदेशातला वाचक त्याचा संबंध कोंबडीशी लावेल, म्हणून तिथे चार ओळींची टीप हवीच. पण टीप वाचून हलवा होत नाही.

इथपर्यंतचा वाद कोणत्याही समाजाच्या पाकपुस्तकात होऊ शकतो. सारस्वत असोत की सीकेपी, वेळखाऊ पदार्थाचे काय करायचे हा प्रश्न सगळ्यांपुढे असतो. ज्यू पुस्तकाचे वेगळेपण पुढे आहे. इथे पदार्थातला प्रत्येक जिन्नस चवीबरोबर एक नियमही वाहत असतो. मांस आणि दूधदुभते एकत्र शिजवायचे नाही, एका जेवणात खायचे नाही. या दोन्हींत न मोडणाऱ्या पदार्थाला 'पारवे' म्हणतात : धान्य, भाजी, फळे, अंडी, मासे, तेल. नारळाचे दूध पारवे. कोकणात आलेल्या ज्यूंना या झाडाने केवढा आधार दिला! मटणाच्या रश्श्याला दाटपणा आला, सणाच्या जेवणात मटण असले तरी शेवटी गोड खाता आले. चिकाच्या हलव्यात तूप-दूध नसून नारळाचे दूध असते ते यामुळे. तेलाचा घाणा घरचाच असल्याने तुपावाचून अडत नसे, असाही एक तर्क करता येतो.

उत्तरपक्ष : मग तर बदल सोपाच आहे. नारळ फोडा, खोवा, वाटा, पिळा, पहिले दूध वेगळे, दुसरे वेगळे, या सगळ्याऐवजी पावडर घ्या आणि गरम पाण्यात कालवा.

पूर्वपक्ष : आणि पुडीच्या मागचे बारीक अक्षर कोण वाचणार? नारळाच्या दुधाच्या पावडरीत पुष्कळदा सोडियम केसिनेट असते. ते येते गाईच्या दुधातून. ही पावडर मटणात पडली की ज्या कारणासाठी नारळ वापरायचा तेच कारण गेले. सोपेपणाच्या एका ओळीत अख्खा नियम मोडतो, तोही रांधणारीच्या नकळत.

हा मुद्दा पूर्वपक्षाचा सर्वांत बळकट आहे आणि त्याला पळवाट नाही. उत्तरपक्षालाही तो मान्य करावा लागतो. मात्र मान्य करताना उत्तरपक्ष आपली बाजू सावरून घेतो.

उत्तरपक्ष : मान्य. म्हणून पुस्तकात 'नारळाचे दूध' एवढेच न लिहिता 'फक्त नारळ आणि पाणी असलेले डब्यातले दूध' असे लिहायचे आणि असे का, तेही सांगायचे. पण हीच कसोटी तुमच्या बाजूलाही लावा. हलव्याला घट्टपणा आणायला चायना ग्रास चालते, कारण ती समुद्रातल्या शेवाळापासून होते. जिलेटीन जनावराच्या हाडा-कातड्यातून येते, म्हणून तिथे प्रश्न निर्माण होतो. म्हणजे नवा जिन्नस नेहमीच नियमाच्या विरुद्ध जातो असे नाही. कधी तो जुन्याइतकाच शुद्ध असतो. जुने ते कोशेर, म्हणजे ज्यू नियमांत बसणारे, आणि नवे ते संशयास्पद, ही समजूत पुस्तकाने पसरवू नये.

वादाला इथे वळण लागते. तोपर्यंत भांडण जुन्या-नव्याचे वाटत होते. आता प्रत्येक पाककृतीत दोन थर वेगळे दिसू लागतात : एक, पदार्थ असा का करतात, दुसरा, तो कशाने आणि किती वेळात करतात. चिकाच्या हलव्यात नारळाचे दूध हे 'का' आहे. गव्हाचा चीक हे 'कशाने' आहे. बिरड्यात वाल हे कोकणच्या मातीचे देणे आहे, आणि त्या दिवसांत मांस न खाणे हा नियम आहे. वाल भिजवून, मोड आणून, एकेक दाणा सोलण्यात दोन दिवस जातात. सोललेले गोठवलेले वाल आणले तर नियमाला धक्का लागत नाही, फक्त घरातल्या मुलांना सोलायला बसवण्याची एक दुपार जाते. ती दुपार कुणाला मोलाची वाटेल, कुणाला नाही. मुलांना तर नक्कीच वाटणार नाही.

मापांचा तंटा त्यामानाने किरकोळ आहे, पण तो सुटल्याशिवाय पुस्तक होत नाही. जुन्या वह्यांत 'एका नारळाचे दूध', 'मूठभर कोथिंबीर', 'अंदाजाने मीठ' असे असते. कोकणातला नारळ केवढा ते कोकणात माहीत असते. भूमध्य समुद्राच्या काठावर नाही.

पूर्वपक्ष : अंदाज हीच विद्या आहे. ग्रॅममध्ये लिहिले की हात शिकत नाही.

उत्तरपक्ष : ज्याला आजीच्या शेजारी उभे राहायला मिळाले त्याचा हात शिकला. ज्याला नाही मिळाले त्याच्यासाठीच पुस्तक असते. कमलाबाई ओगले यांनी १९७० साली 'रुचिरा'त वाटी-चमच्याचे माप दिले म्हणून मराठी स्वयंपाक बुडाला नाही. उलट घरापासून दूर गेलेल्या किती पोरीसोरी त्यावर तरल्या.

या उत्तरावर पूर्वपक्षाकडे फारसे काही उरत नाही आणि लेखकाच्या मते उरूही नये. वाटीचे माप द्यावे, शेजारी ग्रॅमही द्यावेत. माप लपवून कोणतीही परंपरा जपली जात नाही.

खरा अवघड प्रश्न 'सोपे' या शब्दातच दडलेला आहे. सोपे कुणासाठी? आपल्या नातवंडांसाठी, की जगातल्या सगळ्या ज्यू वाचकांसाठी, की कोशेर म्हणजे काय हे ऐकूनही माहीत नसलेल्या शेजाऱ्यांसाठी? वल्हांडणाच्या भाकरीवरून हे नीट कळते. त्या सणात गहू, जव वगैरे पाच धान्यांचे फुगलेले किंवा आंबलेले काही चालत नाही. मात्झा, म्हणजे बिनखमिराची पोळी, लाटायची ती पीठ-पाणी एकत्र आल्यापासून अठरा मिनिटांच्या आत भाजून व्हावी लागते. तांदूळ त्या पाच धान्यांत येत नाही, म्हणून कोकणातल्या घरांत वल्हांडणात तांदळाची भाकरी होत असे. युरोपातल्या अश्केनाझी ज्यूंनी मात्र त्या सणात तांदूळही वर्ज्य मानला.

पूर्वपक्ष : आता सर्वांना सोपे जावे म्हणून पुस्तकात भाकरी गाळून सगळीकडे मात्झा छापाल, आणि शंभर वर्षांनी कुणी म्हणेल की कोकणातले ज्यू भाकरी खात हा गैरसमज होता. १८७४ साली पुण्यात छापलेल्या हिब्रू-मराठी हग्गादाच्या, म्हणजे वल्हांडणाच्या पोथीच्या, चित्रांत मात्झा करणाऱ्या बायका साडी नेसलेल्या आहेत. त्या छापणाऱ्यांनी परक्या चित्रांतले कपडे जसेच्या तसे ठेवले नाहीत. आपल्याला तेवढेही जमू नये?

उत्तरपक्ष : भाकरी गाळू नये, हे खरेच. पण भाकरीची कृती देताना ती थापायची कशी हे चित्राने दाखवले नाही, उकड किती वेळ मळायची हे लिहिले नाही, तर ती छापूनही गाळल्यासारखीच. दिमोनात वाढलेल्या मुलीला 'भाकरी थापावी' ही दोन शब्दांची ओळ काय सांगणार?

ही उत्तरपक्षाची सर्वांत चांगली खेळी म्हणावी लागेल. कृती सोपी करणे म्हणजे जिन्नस बदलणेच असे नाही. न बोललेले बोलून दाखवणे हाही त्याचा अर्थ आहे. जुन्या पाककृती अवघड वाटतात त्या बऱ्याचदा लांब असतात म्हणून नव्हे, तर आखूड असतात म्हणून. वाचणारीला निम्मे येतच असणार असे धरून त्या लिहिलेल्या असतात. मनुकांच्या सरबताची कृती पाहा. द्राक्षाची दारू मिळत नसे तिथे शब्बाथच्या आशीर्वादासाठी काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून हे सरबत करत. एवढ्या एका वाक्यात ती संपते. किती भिजवायच्या, पाणी किती, उकळायचे की नाही, याचा पत्ता नसतो. ते लिहून काढले की सरबत मुळीच अवघड राहत नाही, आणि त्यातला एकही मनुका बदलावा लागत नाही.

माशांच्या प्रकरणाचेही तेच. कोकणच्या बाजारात अर्धी टोपली या समाजाला वर्ज्य : कोळंबी, खेकडे, तिसऱ्या, मोरी, पाकट. ही यादी मुंबईच्या वाचकासाठी मराठी नावांनी हवी आणि इस्रायलमधल्या वाचकासाठी तिथे मिळणाऱ्या माशांच्या नावांनी. 'कोणताही योग्य मासा घ्यावा' असे लिहून दोघांचेही भागत नाही.

यांतले बरेच काम इतरांनी वेगवेगळ्या वाटांनी केलेले आहे. एस्थर डेव्हिड यांच्या 'बुक ऑफ रेचल' या कादंबरीत अलिबागजवळच्या दांडा गावी उरलेल्या ज्यू बाईची कथा आहे आणि प्रकरणांच्या सुरुवातीला पाककृती आहेत. या पुस्तकाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांच्याच 'बेने अपेटिट' या २०२१ सालच्या पुस्तकात भारतातल्या पाच ज्यू समाजांचा स्वयंपाक एकत्र आला. दोन्ही इंग्रजीत आहेत. ज्या भाषेत बिरडे, चीक, अनस हे शब्द जन्मले, त्या मराठीत मात्र या स्वयंपाकाची नीट तपासलेली, मापे दिलेली, नियमांची कारणे सांगणारी मोठी पोथी असायला हवी. इस्रायलमधून 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक निघू शकले, तर हे काम अशक्य म्हणता येत नाही. पुढच्या पिढीसाठी हिब्रू आवृत्ती लागेल. पण पदार्थांची नावे तिथेही मराठीच राहतील, कारण त्यांना दुसरी नावेच नाहीत.

दोन्ही पक्षांचे एकमत होते असा एक पदार्थ आहे, तो मलिदा. मराठी वृत्तपत्रांमुळे हा शब्द कंत्राटांतल्या कमाईशी जोडला गेला आहे, ते बाजूला ठेवावे. दर्ग्यातल्या मलिद्यात पोळीचा किंवा रोटाचा चुरमा आणि तूप असते. बेने इस्रायलांनी शेजाऱ्यांकडून नाव घेतले, पण आत पोहे घातले, आणि तूप आपोआप बाहेर राहिले. लग्न, सुंता, नवे घर, आजारातून उठणे, लांबचा प्रवास, अशा प्रसंगी एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याचे स्मरण करून मलिदा ठेवतात. तू बिश्वात या झाडांच्या सणाला तर एलियाहू हन्नाबीचा उरूसच म्हणतात, आणि अलिबागजवळ खंडाळ्याच्या खडकावरची खूण त्याच्या रथाची मानतात. नवसाचे असो की उपकाराचे, ताट सारखेच : भिजवून फुगवलेले पोहे, ओले खोबरे, साखर किंवा गूळ, वेलची, सुकामेवा आणि भोवती फळे.

पूर्वपक्षाला यात बदलण्यासारखे काही नाही. उत्तरपक्षाला सोपे करण्यासारखे काही नाही. पोहे इस्रायलमधल्या भारतीय दुकानांत मिळतात, आणि मलिद्याला चूल लागत नाही.